विषाणूचे रिकामे घर : मुंबई १८०२ ते पुणे २०२३

१/८
भिवपुरी रोड हे मुंबई-पुणे लोहमार्गावरचे, नेरळ आणि कर्जत यांच्या मधले छोटे स्थानक. आजची गोष्ट याच मार्गाच्या दोन टोकांची आहे. विषय : विषाणूकडून औषधाचे ओझे कसे वाहून घ्यावे?

२/८
१४ जून १८०२, मुंबई. ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला गोस्तनदेवीची लस टोचली गेली. भारतातले देवीच्या लसीकरणाचे हे पहिले यश. तेव्हा शीतपेट्या नव्हत्या. बगदाद-बसऱ्याकडून आलेली ही लस एका दंडावरच्या फोडातून दुसऱ्या दंडात टोचत जिवंत ठेवली जाई. ॲनाच्या दंडावरून ती मुंबईतल्या आणखी पाच मुलांना मिळाली, पुढे पुण्यालाही पोहोचली.

३/८
म्हणजे विषाणूचे वाहन होते माणसाचे मूल. या पद्धतीत लसीबरोबर उपदंशासारखे रोगही एका देहातून दुसऱ्यात जाण्याचा धोका असे.

४/८
विषाणू म्हणजे प्रथिनांचे कवच आणि आत जनुकीय द्रव्य. १९५५ मध्ये फ्रेंकेल-कॉनराट व विल्यम्स यांनी तंबाखूवरच्या विषाणूचे हे दोन भाग सुटे करून पुन्हा जुळवले. कवच आपोआप बांधले जाते, हे त्यातून दिसले. आत जनुकीय द्रव्यच नसेल, तर कवच रोग वाढवू शकत नाही.

५/८
कावीळ-ब च्या विषाणूचे पृष्ठप्रथिन यीस्टमध्ये तयार केले, की त्याचे सुमारे २२ नॅनोमीटरचे पोकळ कण बनतात. त्यांवर आधारलेल्या लसीला अमेरिकेत १९८६ मध्ये परवानगी मिळाली.

६/८
आता लोहमार्गाचे दुसरे टोक. याच पृष्ठप्रथिनाला हिवतापाच्या परजीवीच्या प्रथिनाचा तुकडा जोडून ऑक्सफर्डने ‘आर-२१’ लस घडवली. तिचे उत्पादन पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट करते. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. एका रोगाचे कवच, दुसऱ्या रोगाविरुद्धचे ओझे!

७/८
मात्र येथे ओझे कवचाच्या पाठीवर आहे. औषधी प्रथिन पोटात भरणे अधिक अवघड. २००७ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी चवळीवरच्या एका विषाणूचे कवच द्रावणाचा सामू बदलून उघडले, त्यात एक विकर घातले आणि सामू पुन्हा उतरवून कवच मिटवले. आतले विकर काम करत राहिले. परंतु शरीराची प्रतिकारशक्ती असे कवच ओळखते. लसीत हाच गुण हवा असतो. औषधात तोच दोष ठरतो, कारण पुन्हा पुन्हा दिलेले वाहन वाटेतच अडवले जाऊ शकते. म्हणूनच लसी बाजारात आल्या, तरी प्रथिने भरलेली अशी कवचे अजून मुख्यतः प्रयोगशाळांतच आहेत.

८/८
इतिहासात ॲनाचे नाव पहिली लस घेणारी म्हणून नोंदले गेले. तिने ती पुढे पोहोचवलीही, हे आपण विसरतो. तिला कोणी विचारले असेल, असे वाटत नाही. रिकाम्या कवचाचा शोध मला मोठा वाटतो तो यासाठी : जे ओझे एकेकाळी मुलांच्या दंडांनी वाहिले, ते उचलायला आता मूल लागत नाही.