पंधरा वर्षांची राय आणि काकांचा प्रश्न

तर झालं असं, की गेल्या पावसाळ्यात आम्ही चौघं भिवपुरीला गेलो होतो. धबधब्यात यथेच्छ भिजून परत आलो, आणि मित्राने बॅगेतून बाटली काढली. अमेरिकेहून आणलेली राय व्हिस्की. पंधरा वर्षं मुरवलेली, त्यातले शेवटचे काही महिने पोर्ट वाइनच्या पिंपात. (राय म्हणजे आपली मोहरीची राई नव्हे हो, गव्हाच्या नात्यातलं एक धान्य!) किंमत ऐकून एकजण म्हणाला, "माझा पहिला पगार होता हा!"

आधी मिरीचा ठसका, मग मनुका, शेवटी जुन्या कपाटाचा वास. आवडली. खोटं कशाला बोलू?

घर सांभाळणारे ठाकर काका बाजूलाच बसले होते. सगळं ऐकून म्हणाले, "पंदरा वरसं कुणी हातच नाय लावला?"

आम्ही खो खो हसलो. पण घरी आल्यावर वाचत बसलो, आणि हसू गेलं.

दारू मुरायला लाकूड लागतं, वेळ लागतो हे खरंच. पण आधी ती जवळ ठेवायची मुभा लागते. अमेरिकेत १८९७ साली कायदा झाला. सरकारी कुलपाच्या गोदामात किमान चार वर्षं मुरलेल्या दारूवर सरकारच आपली मोहोर उठवू लागलं. कर भरायचा तो गोदामातून बाहेर काढताना.

आणि आपल्याकडे? १८७८ च्या आबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या मोडीत निघाल्या होत्याच. १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी (आपलं कर्जत त्यातलंच) खास मोहाचा कायदा आला. दारू राहू द्या, मोहाची फुलं परवान्याशिवाय बाळगणंही गुन्हा! ही फुलं चैत्रात पहाटे झाडाखाली पडतात. ठाकर-कातकरी ती वाळवून खायचेसुद्धा. म्हणजे उपासमारीच्या दिवसांसाठी घरात ठेवलेली टोपलीही संशयित. गंमत अशी, की त्याच काळात उरणच्या मोठ्या भट्ट्यांसाठी मोह यायचा थेट गुजरातच्या पंचमहालातून. त्यावर कर वसूल करणं सोपं होतं ना!

मोहाची दारू ताजीच प्यायची पद्धत, आणि इथल्या उकाड्यात पिंपातली निम्मी उडूनच जाईल, हे मान्य. पण कुणी मुरवून बघायचं म्हटलं असतं तरी ठेवणार कुठे? इंग्रज गेले, १९४९ चा दारूबंदी कायदा आला, त्यातही मोहफुलांवर बंधनं राहिलीच. फुलं गोळा करायची, बाळगायची परवान्याची अट राज्य सरकारने काढली ती २०२१ साली. परवान्याशिवाय दारू गाळायला मनाई आहेच.

हां, एक राहिलं. त्या रात्री काकांनाही थोडी दिली होती. त्यांनी एक घोट घेतला, जरा थांबले.

"लाकडाचा वास येतो," म्हणाले, आणि ग्लास खाली ठेवला.