कमांड लाइनद्वारे ध्वनिसंचिकांचे टॅगिंग

ध्वनिसंचिकेचा टॅग म्हणजे गीताचे शीर्षक, गायक, संग्रहाचे नाव, वर्ष, भाषा इत्यादी माहितीची ध्वनिसंचिकेतच साठवलेली नोंद. या माहितीला मेटाडेटा म्हणतात. असे टॅग वाचणे, लिहिणे, बदलणे किंवा काढून टाकणे ही कामे खिडक्या व बटणे असलेल्या सॉफ्टवेअरऐवजी टंकलिखित आज्ञांनी करण्याच्या पद्धतीला कमांड लाइनद्वारे टॅगिंग असे म्हणतात. एकाच आज्ञेने शेकडो संचिकांवर काम करता येत असल्यामुळे ही पद्धत ध्वनिसंग्रहालये, सामुदायिक रेडिओ केंद्रे आणि लोकगीतांचे संग्राहक यांना विशेष उपयुक्त ठरते.

इतिहास

एमपी३ संचिकांच्या मूळ रचनेत गीताची माहिती ठेवण्याची सोय नव्हती. १९९६ साली एरिक केम्प यांनी संचिकेच्या शेवटी १२८ बाइटचा एक ठोकळा जोडण्याची कल्पना मांडली. तीच आयडी३ची पहिली आवृत्ती होय. तीत शीर्षक, कलाकार आणि संग्रह यांना प्रत्येकी ३० बाइट व वर्षाला ४ बाइट एवढीच जागा होती. १९९८ साली आलेल्या आयडी३ दुसऱ्या आवृत्तीत ही मर्यादा दूर झाली. तिच्या २.३ या उपआवृत्तीत यूटीएफ-१६ पद्धतीचा मजकूर, तर २००० सालच्या २.४ या उपआवृत्तीत यूटीएफ-८ मजकूरही लिहिता येऊ लागला. फ्लॅक व ऑग या खुल्या स्वरूपांत 'व्हॉर्बिस कॉमेंट' ही पद्धत वापरतात. तीत 'क्षेत्राचे नाव = मूल्य' अशी सरळ रचना असून मजकूर नेहमी यूटीएफ-८ असतो.

प्रमुख साधने

* मेटाफ्लॅक – फ्लॅक संचिकांसाठी. सर्व टॅग साध्या मजकूर संचिकेत उतरवणे आणि दुरुस्त करून पुन्हा भरणे याने शक्य होते.
* मिड३व्ही२ – पायथन भाषेतील म्युटाजेन या संग्रहाचा भाग. एमपी३ संचिकांत युनिकोड टॅग लिहितो.
* एफएफएमपेग – अनेक स्वरूपे हाताळतो. मूळ संचिकेत बदल न करता नवी संचिका तयार करतो. ध्वनी जसाच्या तसा ठेवण्यासाठी 'कॉपी' हा पर्याय द्यावा लागतो, अन्यथा ध्वनीचे पुन्हा संकोचन होऊन गुणवत्ता घटू शकते.
* एक्झिफटूल – बहुसंख्य स्वरूपांतील टॅग वाचतो. मात्र एमपी३ संचिकेत टॅग लिहीत नाही.

देवनागरीतील अडचणी

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते; काना, मात्रा, वेलांटी व अनुस्वार ही स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. त्यामुळे 'बारामती' आणि 'इंदापूर' ही नावे प्रत्येकी २१ बाइटांची होतात, तर 'निमगाव केतकी' हे नाव ३४ बाइटांचे होते. ते आयडी३च्या पहिल्या आवृत्तीतील ३० बाइटांत मावत नाही आणि शेवटचे अक्षर मध्येच तुटते. युनिकोड न जाणणाऱ्या जुन्या साधनांनी लिहिलेला मराठी मजकूर प्रश्नचिन्हांच्या किंवा निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसतो.

दुसरी अडचण शोधाची आहे. 'वारकऱ्यांच्या' या शब्दातील अर्धा 'ऱ' संगणकावर एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो: 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह वापरून, 'र' ला नुक्ता जोडून, किंवा 'र', हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द असतात. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या सामान्यीकरणाने एकरूप होतात. तिसरा मात्र होत नाही, तो स्वतंत्र आज्ञेने बदलावा लागतो. संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मार्ग बारामती, सणसर, निमगाव केतकी व इंदापूर येथून जातो. अशा परिसरातील वारीच्या गीतांच्या संग्रहात हा शब्द वारंवार येणे स्वाभाविक असल्याने ही बाब महत्त्वाची ठरते.

लोकगीतांच्या संग्रहातील महत्त्व

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी ग्रामीण महाराष्ट्रातील जात्यावरच्या ओव्यांचा एक लाखाहून मोठा संग्रह उभारला. बर्नार्ड बेल यांनी त्याच्या संगणकीय सूचीचे व ध्वनिमुद्रणाचे काम केले. 'पारी' अर्थात पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संकेतस्थळावर २०१७ पासून या ओव्या प्रसिद्ध होत आहेत. त्यांत इंदापूर तालुक्यातील गायिकांच्या ओव्याही आहेत. तेथे ओवीसोबत गायिकेचे नाव, गाव, तालुका, जिल्हा, व्यवसाय आणि ध्वनिमुद्रणाची तारीख अशी माहिती दिली जाते.

ओवीला ज्ञात कवी नसतो. गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव हीच तिची ओळख असते. ध्वनिसंचिका सूचीपासून वेगळी होऊन हातोहात फिरू लागली की ही ओळख प्रथम नाहीशी होते. संचिकेतच टॅग असल्यास ती सोबत राहते. चित्रपटगीते डोळ्यांसमोर ठेवून बनलेल्या टॅगिंगच्या सवयी येथे अपुऱ्या पडतात. व्हॉर्बिस कॉमेंटमध्ये मात्र सादरकर्ता व ध्वनिमुद्रणाचे स्थळ अशी स्वतंत्र क्षेत्रे सुचवलेली आहेत. आयडी३मध्ये गाव किंवा तालुका यांसाठी वापरकर्त्याने ठरवलेले क्षेत्र जोडता येते.

कार्यपद्धती

सर्वसाधारणपणे मूळ संचिकांची प्रत वेगळी ठेवली जाते. नंतर संचिकेचे नाव, गायिका, गाव आणि तारीख असे स्तंभ असलेला तक्ता तयार करतात. आज्ञा प्रथम एका संचिकेवर तपासून मग आवर्तनाच्या साहाय्याने तक्त्यातील प्रत्येक ओळीसाठी चालवली जाते. शेवटी टॅग पुन्हा वाचून तक्त्याशी ताडून पाहतात. फ्लॅक संचिकेत मूळ ध्वनीची एमडी५ बेरीज साठवलेली असते. तिच्या आधारे टॅग बदलताना ध्वनीला धक्का लागला नाही, याची खात्री करता येते.

मर्यादा

आज्ञा एकाच वेळी सर्व संचिकांवर चालत असल्यामुळे तक्त्यातील एक ओळ सरकल्यास गायिकांची नावेही सरसकट चुकतात, आणि पूर्वस्थितीला आणण्याची सोय बहुतेक साधनांत नसते. काही संदेशवाहक सेवा व संपादन सॉफ्टवेअर संचिका पुन्हा संकोचित करताना टॅग गाळतात. त्यामुळे टॅग हा स्वतंत्र सूचीला पर्याय नसून तिचा पूरक मानला जातो.