रायफलवरील दुर्बीण : बसवणी व नेमजुळणी

लक्ष्य मोठे दाखवणारी व आतील फुलीच्या आधारे नेम धरू देणारी दुर्बीण रायफलीवर पक्की बसवून तिची दृष्टिरेषा ठराविक अंतरावर गोळीच्या मार्गाशी जुळवण्याची क्रिया. दुर्बिणीची नळी बहुधा २५.४ किंवा ३० मिमी. व्यासाची असून ती दोन कड्यांत धरलेली असते. कड्यांचे स्क्रू थोडेथोडे, आलटूनपालटून आवळावेत, कारण नेम बिघडला की दोष भिंगाला दिला जात असला, तरी पुष्कळदा तो सैल कड्यांचाच असतो. डोळा व मागील भिंग यांत सुमारे ८ ते १० सेंमी. अंतर नसल्यास धक्क्याने भुवई फुटू शकते. दुर्बीण पक्की बसवल्यानंतर रायफल टेकूवर ठेवून तीन गोळ्या झाडतात आणि त्यांच्या पुंजाचा मध्य पाहून दुर्बिणीवरील बटणे फिरवतात. बटणाच्या पाव मिनिटाच्या (अंशाचा साठावा भाग म्हणजे मिनिट) एका टिचकीने १०० मी.वर सुमारे ७ मिमी. फरक पडतो.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू झाल्यावर आणि १९७३-७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प घोषित झाल्यावर अमरावती-अकोला भागात अशा रायफलींनी होणाऱ्या हौशी शिकारीवर कडक निर्बंध आले आणि अधिनियमाच्या १९९१ च्या दुरुस्तीनंतर तिला कायदेशीर आधार उरला नाही. शिकारीखेरीज, वन्यप्राण्याला बेशुद्ध करण्यासाठी वनखाते वापरते त्या बंदुकीवरही दुर्बीण बसवता येते. मात्र औषधाची सुई संथ व जड असल्याने तिचा मार्ग लवकर खाली वाकतो, म्हणून तेथे प्रत्येक अंतरासाठी वायुदाबासह नेम वेगळा जुळवावा लागतो.