मौन आणि मुकेपण

वर्धा जिल्ह्याने बोलण्यापेक्षा न बोलण्याची कीर्ती अधिक मिळवली, असे म्हटले तर वर्धेकर मंडळी रागावणार नाहीत अशी आशा आहे. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात आले, तेव्हा त्यांचा मौनाचा सोमवारही बरोबर आला. त्या दिवशी पाहुणा कितीही मोठा असो, उत्तर चिठ्ठीवर. त्याच आश्रमात प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी होते. मौन मोडू नये म्हणून या गृहस्थांनी एके काळी आपले ओठ तांब्याच्या तारेने शिवून घेतले होते! चिमूरच्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून १९४२-४३ साली ६३ दिवस उपोषण करणारे भन्साळी ते हेच.

आणि पवनारला, धाम नदीच्या काठी, विनोबांनी २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभराचे मौन घेतले. त्या वर्षातच आणीबाणी आली. विनोबांनी लिहून दाखवलेला ‘अनुशासनपर्व’ हा शब्द तेव्हा देशभर गाजला. सरकारने त्याचा आपल्याला सोयीचा अर्थ लावला, विरोधकांनी विनोबांना बोल लावला. मौन सुटल्यावर त्यांनी खुलासा केला की, अनुशासन हे आचार्यांचे असते, सत्ताधाऱ्यांचे असते ते शासन. पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. न बोलणाऱ्याच्या एका शब्दावर दुसऱ्यांनी किती इमले चढवावेत, याला काही सुमारच राहिला नाही.

या सर्वांच्या वाचेला कुलूप होते खरे, पण किल्ली ज्याच्या त्याच्या कनवटीला होती. किल्लीच हरवते तेव्हा काय होते, ती गोष्ट निराळी.

आपल्याकडे म्हणतात, अंगावरून वारे गेले. कोणी अर्धांगवायू म्हणतो, कोणी लकवा. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते आणि घटकेपूर्वी धडधाकट असलेला माणूस कोसळतो. वर्ध्याने हा घाला जवळून पाहिला आहे. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी जमनालालजी बजाज मेंदूतील रक्तस्रावाने अकस्मात गेले. वय अवघे बावन्न. गांधीजींना या गावी आणून बसवणारा माणूस असा बोलता बोलता नाहीसा झाला.

पण कितीतरी जण या घाल्यातून वाचतात, आणि त्यांतल्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याची भाषा दुखावलेली असते. याला वाचाघात म्हणतात. घरचे म्हणतात, “बोलता येत नाही ना, मग लिहून सांगा.” पाटी-पेन्सिल पुढे केली जाते. आजोबा पेन्सिल धरतात, दोन रेघा ओढतात आणि पाटी दूर लोटतात. सेवाग्रामची चिठ्ठी इथे चालत नाही. गांधीजींचे ओठ बंद होते, भाषा शाबूत होती. वाचाघात झालेल्याची बहुधा जीभ हलते, घसा ठीक असतो, पण शब्द जिथे घडतो ती टाकसाळच जखमी असते. म्हणून तो जिभेवर येत नाही तसा लेखणीतूनही उतरत नाही.

हा फरक ओळखायला वैद्यकाला फार काळ लागला. ‘माधवनिदान’कारांनी मूक, मिन्मिन आणि गद्गद असे भेद सांगितले, आणि कफासह वायू शब्द वाहून नेणाऱ्या धमन्या अडवतो असे कारण दिले. निरीक्षण बारीक होते, पण रोख धमन्यांवर होता, मेंदूवर नव्हे. १८६१ साली पॅरिसच्या पॉल ब्रोका या शल्यवैद्याकडे लबोर्न्य नावाचा रोगी आला. एकवीस वर्षे त्याच्या तोंडून ‘तां’ याशिवाय फारसे काही निघत नव्हते, मात्र समोरच्याचे बोलणे त्याला पुष्कळसे कळे. तो मरण पावल्यावर ब्रोकाने मेंदू तपासला, तर डाव्या बाजूला पुढच्या भागात जखम! पुढे १८७४ साली कार्ल वेर्निके याने उलट जातीचे रोगी दाखवले. ते घडाघडा बोलत, पण त्यात अर्थ नसे आणि दुसऱ्याचे त्यांना उमगत नसे. अशा माणसाला घरचे सर्रास वेडा ठरवतात. तो वेडा नसतो. भाषा म्हणजे बुद्धी नव्हे, ही गोष्ट घरोघर कळली तरी पुष्कळ अन्याय टळेल. कारण या लोकांसमोरच त्यांच्याविषयी तिसऱ्या पुरुषात बोलले जाते, त्यांना न विचारता शेताचे निर्णय होतात, आणि ते सगळे ऐकत असतात.

आणखी एक नवल. ज्याला ‘पाणी द्या’ म्हणता येत नाही, तो कधी कधी एक ते वीस आकडे सरळ म्हणतो, शिवी हासडतो, पाठ प्रार्थना म्हणतो. ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज डॉक्टरने गेल्याच्या आधीच्या शतकात याकडे लक्ष वेधले. त्याच्याही आधी, १७४५ साली, स्वीडनमध्ये एका मुक्या झालेल्या माणसाला भजने गाता येत असल्याची नोंद झाली होती. विनोबांची ‘गीताई’ १९३०-३१ साली याच जिल्ह्यात रचली गेली आणि आजही ती अनेकांना मुखोद्गत आहे. अशा माणसाने आजारपणात एखादा अध्याय म्हणून दाखवला, तर वाचा परत आली असे समजून पेढे वाटू नयेत. पाठांतराचा मार्ग निराळा, नवे वाक्य जुळवण्याचा निराळा. तथापि सुराचा उपयोग मुळीच नाही असेही नाही. १९७३ साली बोस्टनच्या काही तज्ज्ञांनी लहान वाक्ये सुरात म्हणवून घेण्याची उपचारपद्धती प्रसिद्ध केली. घोटलेली वाक्ये त्याने सुधारतात, रोजच्या बोलण्याला मात्र बेताचाच लाभ होतो, असे पुढच्या अभ्यासांतून दिसले आहे.

माणसाला दोन-तीन भाषा येत असतील तर? वर्ध्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. घरी वऱ्हाडी, बाजारात हिंदी. राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ पासून इथेच, हिंदी विश्वविद्यालयही इथेच. कोणती भाषा आधी परतते? फ्रान्सच्या रिबोने म्हटले, जी आधी शिकली ती. पित्रने १८९५ साली म्हटले, जी आजाराआधी रोज वापरात होती ती. आज दिसते ते असे की, बहुतेकांच्या भाषा हातात हात घालून परततात, पण अपवाद आहेत. हैदराबादच्या सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ६०८ रोग्यांच्या नोंदी तपासून २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. झटक्यानंतर एकाहून अधिक भाषा येणाऱ्यांत चाळीस टक्क्यांच्या आसपास लोकांची बुद्धी शाबूत राहिली, एकच भाषा येणाऱ्यांत सुमारे वीस टक्क्यांची. मात्र वाचाघाताचे प्रमाण दोघांत जवळपास सारखेच होते. भाषा अधिक असल्याने मन तगते, जीभ नव्हे, असा हा चमत्कारिक हिशोब आहे.

एक जुनी समजूत अशी की, सहा महिन्यांत परतले तेवढे बोलणे आपले, पुढे आशा नाही. ती आता टिकत नाही. जर्मनीत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांहून जुना वाचाघात असलेल्या दीडशेवर रोग्यांना आठवड्याला किमान दहा तास, असे तीन आठवडे शिकवले. त्यांचे बोलणे सुधारले. पण आठवड्याला दहा तास! सुगीच्या दिवसांत घरातल्या कोणी ते कुठून आणावेत, हे त्या चाचणीत लिहिलेले नाही.

अमेरिकेत २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झटक्याने जखडलेल्या एका बाईच्या मेंदूवर बारीक तारांचे जाळे बसवले आणि तिच्या मनातले बोलणे यंत्राने मिनिटाला ७८ शब्द या वेगाने उमटवले. चमत्कार खराच. परंतु तिची भाषा शाबूत होती, फक्त तोंड हलत नव्हते. म्हणजे ती भन्साळींच्या जातीची, फक्त तार तिने स्वतः घातलेली नव्हती. ज्याचा शब्दच घडत नाही, त्याला हे यंत्र अद्याप उपयोगी नाही.

त्याला उपयोगी आहे ते दुसरे माणूस, आणि तेही त्याच्या भाषेत बोलणारे. परदेशी चाचण्यांत रोग्याला चित्रे दाखवून नावे विचारतात. बोस्टनच्या एका प्रसिद्ध चाचणीतल्या साठ चित्रांत बर्फाचे घर आहे, बीव्हर नावाचा प्राणी आहे. सेलूच्या शेतकऱ्याला ही नावे झटका येण्यापूर्वीही आली नसती! १९३७ सालच्या ऑक्टोबरात वर्ध्यालाच शिक्षण परिषद भरली आणि मुलाने मातृभाषेत, हाताच्या कामातून शिकावे असे ठरले. साठी उलटल्यावर पुन्हा मुळाक्षरांपाशी आलेल्या माणसाचीही सोय तीच. त्याच्यापुढे वखर ठेवावे, तिफण ठेवावी, टकळी ठेवावी, आणि “काय आहे हे?” असे विचारून, उत्तर येईपर्यंत, त्याच्या वतीने न बोलता थांबावे.