वडगांवची लढाई व बालपरवेशी

वडगांवच्या तहाचीं कलमें सर्वांस ठाऊक आहेत. लढाईचा खर्च मात्र तहानें संपत नसतो. इ. स. १७७९ च्या ४ जानेवारीस कार्ल्याजवळ कप्तान स्टुअर्ट ऊर्फ ‘इष्टुर फांकडा’ पडला. ९ तारखेस इंग्रज तळेगांवीं पोंचले, तों मराठ्यांनीं गांव आधींच जाळून टाकिलेला. युक्ति अचूक होती. पण जळालीं तीं घरें मावळच्याच रयतेचीं. उजाड गांवास सारासूट व इस्तावा, आणि कामास आलेल्या शिपायाच्या मुलांस बालपरवेशी देण्याची पेशवाईंत वहिवाट होती. हल्लींसारखे मजूरसंघ तेव्हां नव्हते. वारसास आपली दाद सरकारांत आपणच लावावी लागे. हे शिपाई आतां दप्तरांतील नोंदींतच शोधावे लागतात. इष्टुर फांकड्याची समाधि वडगांवीं आहे.