आहारविकार : घरच्यांना सांगताना

आहारविकार हा हट्ट वा नखरा नव्हे. तो उपचारांनी बरा होऊ शकणारा मानसिक आजार आहे. अ‍ॅनोरेक्सियात वजन वाढण्याच्या भीतीने अन्न टाळले जाते. जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली वर्णिलेल्या बुलिमियात अनावर खाणे आणि मग उलटी करणे, असे चक्र चालते. अशा रुग्णाचे वजन बहुधा सर्वसाधारण असते. त्यामुळे त्याने स्वतः सांगेपर्यंत घरच्यांना पुष्कळदा काही कळतच नाही. वारंवार उलट्यांमुळे रक्तातील पोटॅशियम घटून हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून सांगणे लांबणीवर टाकू नये.

त्यासाठी जेवणाची वेळ टाळावी. चतुर्थीच्या पंगतीत आग्रह चालू असताना हे बोलणे अवघड जाते. आई, आत्या, थोरला भाऊ अशी विश्वासातली एकच व्यक्ती निवडावी. शब्द फुटत नसतील तर चिठ्ठी लिहावी. 'मला जेवणाची भीती वाटते, डॉक्टरांकडे घेऊन चल' एवढे पुरेसे आहे. कारणे देता आलीच पाहिजेत असे नाही.

ऐकणाऱ्याने वजनाविषयी बोलू नये, 'नीट जेव म्हणजे झाले' असे म्हणू नये, कुणाला दोषही देऊ नये. कोणती मदत हवी, ते विचारावे.

गोव्यात बांबोळीच्या मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्थेत मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला मिळतो. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. शुद्ध हरपल्यास वा छातीत धडधड होऊ लागल्यास मात्र थेट रुग्णालय गाठावे.