शपथ होती, दवाखाना नव्हता

आजची गोष्ट आपल्या नंदुरबारची. १९३०च्या दशकात तळोद्याकडे गुलाम महाराजांच्या आरतीला हजारो आदिवासी जमायचे, एकमेकांना ‘आप’ म्हणायचे आणि दारू सोडायची शपथ घ्यायचे. मोहाची दारू पूजेत, लग्नात, सगळीकडे. म्हणजे विचार करा, केवढी मोठी गोष्ट!

पण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम सोडली, तर दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, भास होतात, फिट येते. जीवही जाऊ शकतो. शपथ इथं पुरत नाही, डॉक्टर लागतो.

१९८६ साली पुण्यात, येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केलं. पु. ल. देशपांड्यांनी पैशांची मदत केली. आधी औषधांनी शरीर सावरायचं, मग समुपदेशन. आणि व्यसनातून सुटलेलेच नव्यांना आधार देणार. मला हे सगळ्यात भारी वाटतं.

पण पुणे लांब. पहिली गाठ पडते ती धडगावच्या डॉक्टरशी, तीही पोटदुखी किंवा कावीळ घेऊन. तिथेच विचारायचं, न खवळता: रोज किती घेता? शेवटची कधी घेतली? आधी कधी फिट आली होती का? आली असेल तर घरी पाठवायचं नाही, थेट भरती. बाकीच्यांसाठी १४४४६ ही व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. केसपेपरवरच लिहून द्यायचा नंबर.